लेहच्या वाटेवरचं वॉबलिंग

पुण्याहून मोटरसायकलनं लेहला जायचं म्हणजे एका बाजूचं अंतर साधारण अडीच हजार किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव, त्यामुळे सुरुवात जुन्या रस्त्यानं आणि खंडाळ्याच्या घाटानं. मग राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून वापी, सुरत, अहमदाबाद, उदयपूर, अजमेर, जयपूर. पुढे अंबाला, चंदीगड आणि मंडी-कुलूवरून मनाली. तिथून रस्त्याची जातच बदलते. जून ते सप्टेंबर या वाटेवर एमएच पासिंगच्या गाड्या भरपूर असतात, आणि जिथे चार रायडर चहाला थांबतात तिथे उंचीच्या त्रासाखालोखाल एक तक्रार हमखास असते: हँडल वॉबलिंग करतंय. त्यावरचं उत्तरही ठरलेलं. कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, बदल. कोणी म्हणतो टायर बदल, कोणी म्हणतो डँपर लाव. यातला प्रत्येक सल्ला कधी ना कधी बरोबर ठरतो आणि म्हणूनच तो फसवा आहे. माझं म्हणणं असं, की हँडलच्या हलण्याचं निदान गॅरेजमध्ये होत नाही. ते रस्त्यावर करायचं असतं; गॅरेजमध्ये घ्यायचा तो पडताळा. आणि या कामाला पुणे-लेहसारखा रस्ता शोधून सापडणार नाही, कारण गाडीत जिथे जिथे दोष असू शकतो त्या प्रत्येक भागाला हा रस्ता वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या वेगाला बोलायला लावतो.

मुळात ‘वॉबलिंग’ या एका नावाखाली आपण निदान तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. १९७१ मध्ये रॉबिन शार्प या ब्रिटिश अभियंत्यानं मोटरसायकलच्या स्थैर्याचं गणित मांडलं, तेव्हा त्यातून गाडीच्या डोलण्याचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे निघाले. पहिल्यात पुढचं चाक, फोर्क आणि हँडल एवढाच भाग आपल्या आसाभोवती भराभर फडफडतो, सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा; मागची गाडी जवळपास स्थिर असते. दुसऱ्यात सगळी गाडीच नागमोडी डुलते, सेकंदाला दोन ते चार वेळा. हँडल हलतं, पण ते गाडीबरोबर हलतं. पहिला प्रकार मध्यम वेगाला सतावतो, दुसरा चढत्या वेगाबरोबर वाढतो. तिसरी गोष्ट म्हणजे अगदी हळू वेगात गाडी सरळ रेषेत न राहता एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भरकटणं. ते कंपनच नव्हे, पण चालवणाऱ्याला तेही हँडलमध्येच कळतं. या तिन्हींची कारणं वेगळी, जागा वेगळ्या, उपायही वेगळे. हाताला मात्र तिन्ही एकाच ठिकाणी जाणवतात. त्यामुळे रायडर हँडलला दोष देतो आणि मेकॅनिक रायडरच्या सांगण्यावरून कोनसेट खोलतो. यात मेकॅनिकची चूक फारशी नसते. त्याला ‘हँडल हलतं’ एवढंच सांगितलेलं असतं आणि गॅरेजसमोरच्या गल्लीत तीसच्या पुढे गाडी नेता येत नाही.

वापी ओलांडून गाडी गुजरातच्या सपाट, सरळ पट्ट्यात शिरली की दुसरा प्रकार, म्हणजे अख्ख्या गाडीचं डुलणं, आधी डोकं वर काढतो. वेग नव्वद-शंभर, बाजूनं वारा, मागे सॅडल बॅग, टॉप बॉक्स, त्यावर बंजीनं आवळलेला तंबू. एक साधा हिशोब करून पाहू. नव्या क्लासिक ३५० चा व्हीलबेस १३९० मिलिमीटर आहे. मागच्या एक्सेलच्या ३० सेंटिमीटर मागे वीस किलोचं सामान ठेवलं, तर मागच्या चाकावर वीस नव्हे, सव्वाचोवीस किलोचा भार वाढतो आणि पुढच्या चाकावरचा सव्वाचार किलो कमी होतो. कोणी म्हणेल, दोन-अडीचशे किलोच्या ऐवजात चार किलोचं काय घेऊन बसलात? आक्षेप बरोबर आहे. नुसत्या वजनानं एवढं बिघडत नाही. बिघडतं ते वजन किती लांब टांगलंय त्यानं, कारण गाडी आडवी डुलताना ते सामान जो विरोध करतं तो अंतराच्या वर्गानुसार वाढतो. गुरुत्वमध्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवलेलं ओझं एक मीटरवर नेलं, तर त्याचा परिणाम दुप्पट नव्हे, चौपट. शिवाय प्लास्टिकचा टॉप बॉक्स पातळ कॅरिअरवर स्वतःच हलतो आणि आपल्या वेगळ्या तालात गाडीला मागून ढकलत राहतो. कॅरिअरवर किती वजन चालेल ते कंपनी मॅन्युअलमध्ये लिहिते आणि ते आकडे आपल्या अपेक्षेपेक्षा फारच लहान असतात. तेव्हा सपाट रस्त्यावर वाढत्या वेगाला गाडी डुलत असेल, तर हँडलकडे पाहूच नका. जड सामान सॅडल बॅगमध्ये खाली, शक्य तितकं पुढे आणि दोन्ही बाजूंना सारखं. टॉप बॉक्समध्ये हलकं. मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड भाराप्रमाणे वाढवा. हे करायला पाना लागतो, पैसे नाही.

एवढं करूनही डुलणं राहिलं तर मागच्या चाकापाशी जायचं. सरळ महामार्गावर भार घेऊन खूप धावलेला मागचा टायर मधोमध चपटा होतो. मधला सपाट भाग संपतो तिथे दोन्हीकडे कडा तयार होते. लेन बदलताना गाडी त्या कडेवर चढते आणि उतरते, आणि रायडरला वाटतं पुढचं चाक घसरलं. स्विंग आर्मची बुश झिजली असेल तर मागचं चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचा टायर दोन्ही हातांनी आडवा ढकलून पाहिला तरी ते कळतं: खट् असा आवाज चाकाच्या बेअरिंगमधून येतो की स्विंग आर्मच्या मुळाशी, एवढं कान देऊन ऐकायचं. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरवरच्या खुणा जुळवून आपण समाधान मानतो, पण त्या खुणा स्वतःच दरवेळी बिनचूक असतात असं नाही. मागच्या टायरच्या दोन्ही अंगांना दोरी लावून ती पुढच्या चाकापर्यंत ताणली, की चाकं एका रेषेत आहेत की नाही ते कुठल्याही धाब्यासमोर पाच मिनिटांत दिसतं. इथे एक सावधगिरी हवी. ट्रकच्या मागे सापडल्यावर हेल्मेट आणि हँडल थडथडतं, ते वॉबलिंग नव्हे, फाटलेली हवा आहे. लेन बदलून बाहेर पडलं की ती थांबते. डांबरीकरणासाठी खरवडलेल्या रस्त्यावर पुढचा टायर रेघोट्यांमागे जातो, तोही दोष नव्हे. खऱ्या दोषाला ताल असतो आणि तो ठरावीक वेगाला परत येतो.

आता पहिला प्रकार, ज्याला खरं वॉबल म्हणावं तो. राजस्थानात महामार्ग गावागावांतून जातो. दूरवर गाव दिसतं, रायडर थ्रॉटल सोडतो, वेग ऐंशीवरून साठीकडे उतरू लागतो आणि हँडल फडफडू लागतं. पन्नासच्या खाली गेलं की आपोआप थांबतं. वेग वाढवला तरी थांबतं. म्हणून बरेच जण यावर ‘थोडं जोरात चालव’ असा तोडगा काढतात. असं नेमक्या याच पट्ट्यात का व्हावं? चाकाचा घेर मोजा. १९ इंची पुढच्या चाकावर १००/९० चा टायर असेल तर त्याचा घेर सुमारे २.१ मीटर भरतो. साठच्या वेगाला ते चाक सेकंदाला आठ फेऱ्या मारतं, सत्तरला नऊ, ऐंशीला साडेदहाच्या आसपास, शंभरला तेरा. फोर्क आणि हँडलची स्वतःची फडफडण्याची गती सेकंदाला सहा ते दहा. म्हणजे साठ ते ऐंशीच्या पट्ट्यात चाकाची प्रत्येक फेरी आणि हँडलचा प्रत्येक हेलकावा एका तालात येतात. चाकात एक जरी खोट असेल, रिम एका बाजूला वाकलेली असेल, टायर नीट बसलेला नसेल, तर ती प्रत्येक फेरीला हँडलला नेमक्या वेळी टोला देते. झोपाळ्याला वेळेवर दिलेला छोटासा झोकाही त्याला उंच नेतो, तसंच हे. शंभरला ताल चुकतो म्हणून फडफड थांबते. खोट तिथेच असते. म्हणून वेग वाढवल्यावर बरं वाटणं हा उपाय तर नाहीच, उलट खोट पुढच्या चाकात असू शकते याची ती मोठी खूण आहे. आणि थ्रॉटल सोडल्यावरच का? इंजिन ब्रेकिंगमुळे भार पुढे सरकतो, पुढच्या टायरचा ठसा मोठा होतो आणि हँडलपर्यंत पोचणारं बलही वाढतं. गावाच्या तोंडाशी रंगवलेले जाड पट्टे असतात, तेही भर घालतात. रस्त्यावरचे बारीक पण नियमित उंचवटे अशा दोलनाला उठवू शकतात, हे लाइमबीअर, शार्प आणि इव्हांजेलू यांनी २००२ मध्ये गणितानं दाखवलं. त्यांचा भर वळणात कललेल्या गाडीवर होता.

या खुणेवरून पुढे जायचं ते टायरपासून, कोनसेटपासून नव्हे. पुढच्या टायरवरून तळहात आधी एका दिशेनं फिरवा, मग उलट. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर टायर दाते धरून झिजलाय. कमी हवा, थकलेलं फोर्क ऑइल आणि ढिला कोनसेट या तिन्हींनी असं होतं; त्यामुळे नुसता टायर बदलला आणि बाकीचं तसंच ठेवलं, तर नवा टायरही काही हजार किलोमीटरांत दाते धरतो. दुसरा संशयित म्हणजे वाटेतलं पंक्चर. ट्यूबच्या गाडीचं पुढचं चाक रस्त्याकडेला खोलून परत बसवलं गेलं असेल, तर दोन गोष्टी बघायच्या. टायरच्या कडेवर रिमलगत एक बारीक उंच रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. एखाद्या ठिकाणी आत शिरली असेल तर टायर बसलेलाच नाही. हवा काढून, कडेला साबणाचं पाणी लावून पुन्हा फुगवायला हवा. आणि एक्सेल. नट आवळल्यावर फोर्क दोन-चारदा दाबून मोकळा करायचा आणि मगच खालचा क्लँपचा बोल्ट आवळायचा. घाईत हा क्रम उलटा होतो, फोर्कचा एक पाय वाकड्या ताणात अडकतो आणि दोन्ही पाय सारखे खालीवर होत नाहीत. स्पोकच्या चाकाला एकेक स्पोक पान्यानं टिचकवत जा. जो भद्द वाजेल तो ढिला. चाक फिरवून फोर्कजवळ बोट धरलं की आऊट, म्हणजे रिमचं डोलणं, किती आहे ते दिसतं. साधारण दोन मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात. त्यापुढे चाकाचा आऊट काढून घ्यावाच लागतो. अलॉय व्हील वाकलं असेल तर हा मार्ग बंद, आणि खड्ड्यांच्या देशात अलॉयचं कौतुक मला जरा जास्तच वाटतं.

एवढं सगळं निर्दोष निघालं की कोनसेट. इंजिनखाली जॅक किंवा लाकडाचा ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करायचं, फोर्कचे दोन्ही पाय खालून धरून पुढेमागे हलवायचे. हिसका लागला तर ढिला. मग हँडल एका बोटानं डावीकडून उजवीकडे सावकाश न्यायचं. मध्यभागी ते हलकेच एखाद्या खाचेत बसल्यासारखं थांबलं, तर रेसमध्ये बॉलनी घर केलंय. तो आवळून सुधारत नाही, बदलावाच लागतो. ढिलेपणा सहज कळतो, पण आवळलेला कोनसेट कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तिसरा प्रकार, हळू वेगातलं भरकटणं, तिथूनच येतो. मनाली-लेह रस्त्यावर सरचूच्या पुढे गाटा लूप्सची २१ वळणं लागतात, वेग पंधरा-वीसच्या आत. दुचाकी सरळ ठेवायला हँडल सतत कणाकणानं डावी-उजवीकडे जावं लागतं; गाडी स्वतःही ते करत असते. खाच पडलेला किंवा जास्त आवळलेला कोनसेट ते करू देत नाही. हँडल अडकतं, सुटतं, जास्त जातं, पुन्हा अडकतं. रायडरला वाटतं उंचीमुळे आपलं डोकं चालत नाही. वॉबलची तक्रार घेऊन गेलेल्या गाडीचा कोनसेट दोन घर जास्तच आवळून देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्यानं फडफड खरोखरच दबते, कारण घर्षण वाढतं. पण महामार्गावरचा दोष घाटात नेऊन ठेवण्यापलीकडे काही साधत नाही. आवळण्याचं माप सोपं आहे: चाक अधांतरी असताना हँडल मध्यापासून जरासं ढकललं तर ते स्वतःच्या वजनानं कडेपर्यंत पडावं, वाटेत थांबू नये, आणि फोर्कला हिसका नसावा. बॉलच्या जागी टेपर रोलर बसवणं चांगलं, भार रेषेवर वाटला जातो. पण ते बसल्यावर थोडं सैल होतंच, म्हणून काहीशे किलोमीटरांनी पुन्हा बघायचं.

मनालीच्या पुढे हवेचं प्रकरण येतं आणि त्याबद्दल अर्धवट माहिती फार. उंचीवर बाहेरचा दाब घटतो, टायरमधली हवा तेवढीच राहते, म्हणून गेजवरचा आकडा वाढतो, हे खरं. पुण्यात ३० पीएसआय भरलेला टायर तसाच टांगलांग ला या ५,३०० मीटरच्या आसपासच्या खिंडीत नेला, तर तापमान तेच राहिल्यास गेज ३६ दाखवेल. पण तापमान तेच राहत नाही. पस्तीस अंशांचा टायर पाच अंशांवर आला की आतला दाबही उतरतो, आणि दोन्ही धरून हिशोब ३२ च्या आसपास येतो. म्हणजे थंड सकाळी हवा सोडायची जवळपास गरज नसते. खरी भानगड परतीची. पांगच्या पुढे-मागे खडी आणि वाळूसाठी बरेच जण टायर २२ पर्यंत उतरवतात. ते शहाणपणाचंही आहे. तोच टायर काही न करता अंबाल्याच्या पस्तीस अंशांत आला की १९-२० वर बसतो. दुपारी, तापलेल्या टायरमधून हवा सोडली असेल तर त्याहूनही खाली. आता हा अर्धवट हवेचा टायर सामानासह महामार्गावर ऐंशीनं धावतो, त्याच्या भिंती आडव्या लवचतात, आणि जाताना सुतासारखी सरळ गेलेली गाडी येताना वॉबल करते. लेहनं गाडीची वाट लावली, असा निष्कर्ष निघतो. लेहमध्ये गाडीला मार बसतो हे नाकारत नाही. दगड रिम वाकवतात, नाल्याचं पाणी बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतं. पण हवा तपासण्याआधी त्यावर बोलणं व्यर्थ आहे.

या सगळ्यावर सर्वात जोरदार आक्षेप स्टिअरिंग डँपरवाल्यांचा. एवढी शोधाशोध कशाला, हँडलला डँपर लावा, विषय संपला. या म्हणण्यामागे इतिहास आहे. १९५० च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश मोटरसायकलींच्या हँडलच्या मधोमध घर्षण वाढवायची गोल मूठ असायची. १९९७ च्या सुझुकी टीएल१०००एस ला कंपनीनंच नंतर डँपर बसवून दिला. ताकदवान, तीव्र वळणाऱ्या स्पोर्ट्स गाडीला तो हवाच असतो. पण आपल्या टूरिंगच्या गाड्या त्या जातीच्या नाहीत. त्यांचा फोर्क अधिक कललेला, ताकद मर्यादित. निर्दोष अवस्थेत त्यांना डँपर लागत नाही. आणि शार्पच्याच विश्लेषणात एक अडचणीची गोष्ट आहे: डँपर फडफड दाबतो, पण वरच्या वेगातलं नागमोडी डुलणं तो उलट बिघडवतो. मागे जड सामान लादलेल्या गाडीला नेमका त्याचाच धोका जास्त. शिवाय डँपर खराब कोनसेट झाकतो, दाते धरलेला टायर झाकतो, आणि ते दोन्ही पुढे झिजतच राहतात.

दुसरा आक्षेप असा, की काही मॉडेलना हे जन्मजातच असतं, शोधून काय सापडणार? यात तथ्य आहे. होंडा गोल्ड विंगसारख्या मोठ्या टूरिंग गाडीच्या जुन्या पिढ्यांबद्दल, हात सोडले की ऐंशी-साठच्या पट्ट्यात हँडल फडफडतं ही तक्रार जगभरच्या मालकांनी वर्षानुवर्षं केली. चौकट, फोर्क आणि टायर जेवढे लवचीक तेवढं हे स्वाभाविक. पण त्याच मालकांचा अनुभव असाही, की पुढच्या टायरचा मेक बदलल्यावर किंवा टेपर रोलर बसवून त्याचं आवळणं मापात आणल्यावर त्याच गाडीत ते बरंच कमी झालं. म्हणजे मॉडेलचा स्वभाव उंबरठा किती खाली आहे एवढं ठरवतो. तो ओलांडायला लावतात टायर, बेअरिंग आणि सामान. ‘सगळ्याच बुलेट हलतात’ हे वाक्य म्हणून मला आळशीपणाचं वाटतं. सगळ्या हलत नाहीत. आपली का हलते, हा प्रश्न तरीही उरतो.

उरला रायडर. फडफड सुरू झाली की माणूस हँडल करकचून धरतो, आणि तेच सर्वात वाईट. ताठर हात आणि छाती मिळून फोर्कशी एक नवी जोडगोळी तयार करतात आणि हेलकावा शरीरातून परत हँडलमध्ये जातो. सैल पण न सोडलेली पकड, गुडघ्यांनी टाकी धरलेली, अंग थोडं पुढे झुकवलेलं, थ्रॉटल हळूहळू कमी. पुढचा ब्रेक झटक्यानं नाही. चाचणी म्हणून चालत्या गाडीवर हात सोडून बघण्याचा सल्ला काही जण देतात. भरल्या महामार्गावर सामानासह तो देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं; एका हाताची पकड सैल केली तरी जे कळायचं ते कळतं. हँडलला अडकवलेली उंच विंडशील्ड हीसुद्धा याच हिशोबातली. फोर्कवर बसवलेली कुठलीही मोठी काच वाऱ्याचा धक्का थेट हँडलला देते. ती काढून तोच पट्टा, तोच वेग पुन्हा बघितला तर दोषाची जागा कधीकधी तिथेच सापडते, आणि त्यासाठी गॅरेजची पायरीही चढावी लागत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हा नियम यात सगळ्यांत जास्त मोडला जातो. सुट्ट्या मोजक्या, मनाली गाठायचं, म्हणून चंदीगडच्या गॅरेजमध्ये टायर, कोनसेट, फोर्क ऑइल सगळं एकदम उरकून टाकायचा मोह होतो. गाडी सरळ चालली तर आनंदच, पण नेमकं काय बिघडलं होतं ते कायमचं गुलदस्त्यात राहतं, आणि सहा महिन्यांनी वॉबल परत आलं की पुन्हा सगळंच बदलावं लागतं. हवा, सामान, टायरची कडा, एक्सेल, स्पोक, आऊट, कोनसेट, स्विंग आर्म, फोर्क ऑइल, याच क्रमानं जाण्यात माझा हेतू एवढाच, की पहिल्या चार गोष्टींना जवळपास खर्च नाही आणि त्या चारही रस्त्याकडेला होतात. गाडी कधी पडली असेल तर मात्र या यादीच्या आधी फोर्क बघा. दोन्ही पाय क्लँपमध्ये पिळलेले असतात, बोल्ट सैल करून सरळ करून घेतले की कित्येकदा तेवढ्यानं भागतं. मेकॅनिककडे जाताना ‘हँडल हलतं’ एवढंच सांगू नका. कुठल्या वेगाला सुरू होतं, कुठल्या वेगाला थांबतं, थ्रॉटल उघडा होता की बंद, मागे सामान किती होतं, फक्त हँडल हलत होतं की सगळी गाडी, ही पाच उत्तरं मोबाइलमध्ये लिहून त्याच्या हातात द्या. आणि लेहहून उतरताना मंडीत थांबून, टायर थंड असताना दोन्ही चाकांची हवा मॅन्युअलच्या आकड्याला आणा. पुढचं सगळं त्यानंतर.